जनरेटर आहे, पण वीज मिळेल का? बेळगाव-निपाणी सीमाभागातील रुग्णालयांपुढचा पावसाळी प्रश्न

रुग्णालयाच्या आवारात जनरेटर उभा असणे आणि वीज गेल्यावर अतिदक्षता विभागातील यंत्रांना अखंड वीज मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट पाहणीच्या कागदावर खूण करून सिद्ध होते. दुसरी सिद्ध होते ती केवळ प्रत्यक्ष वीज गेल्यावर. बेळगाव, खानापूर, संकेश्वर आणि निपाणी या पट्ट्यात पावसाळ्यात वीज जाणे ही नवलाईची बाब नाही. येथील रुग्णालयांची पर्यायी वीजव्यवस्था कितपत भरवशाची आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ त्या जिल्ह्यापुरता उरत नाही.

गोव्याचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. चोर्ला आणि अनमोड घाटांतून दोन्ही दिशांना रुग्णांची ये-जा असते. सत्तरी, डिचोली, सांगे भागांतील अनेक कुटुंबे हृदयविकार, मूत्रपिंड किंवा अपघाताच्या उपचारांसाठी बेळगाव गाठतात, तर बेळगाव आणि खानापूरचे रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येतात. एका टोकाला व्यवस्था कोलमडली, तर तिचा भार दुसऱ्या टोकावर पडतो.

वीज आणि वाट एकाच वेळी बंद

बेळगाव जिल्ह्यात वीजवितरणाचे काम हुबळी वीजपुरवठा कंपनी, म्हणजेच हेस्कॉम करते. २००२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या क्षेत्रात बेळगाव, धारवाड, गदग, हावेरी, उत्तर कन्नड, बागलकोट आणि विजयपूर हे सात जिल्हे येतात. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या दाट जंगलात आहे. तेथे वादळी पावसात झाडे वीजवाहिन्यांवर कोसळतात, खांब वाकतात आणि दुरुस्तीसाठी कर्मचाऱ्यांना चिखल तुडवत जंगलात शिरावे लागते. निपाणी आणि चिकोडीच्या बाजूला अडचण निराळी आहे. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा या नद्यांचे पाणी पात्राबाहेर पसरले की उपकेंद्रे आणि रोहित्रे सुरक्षिततेसाठी बंद ठेवावी लागतात. वीज तेव्हा बिघाडामुळे जात नाही. जीवितहानी टाळण्यासाठी ती जाणीवपूर्वक तोडली जाते आणि पाणी ओसरेपर्यंत येत नाही.

ऑगस्ट २०१९ मधील महापुराने या परिस्थितीचे पूर्ण चित्र दाखवून दिले. बेळगाव जिल्ह्यासह कोल्हापूर आणि सांगली जलमय झाले. निपाणीजवळच्या यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि कोल्हापूरकडील वाहतूक थांबली. जुलै २०२१ मध्ये तोच प्रसंग पुन्हा ओढवला. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरवर, तर बेळगाव सुमारे ७५ किलोमीटरवर. त्यामुळे गंभीर रुग्णाला कोल्हापूरला हलवणे हा निपाणीकरांचा नेहमीचा शिरस्ता. यमगर्णीचा रस्ता पाण्याखाली गेला की हा जवळचा मार्ग खुंटतो आणि तवंदी घाट, संकेश्वर मार्गे दक्षिणेकडचा जवळजवळ दुप्पट अंतराचा पर्याय तेवढा उरतो.

सीमाभागातील या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. एरवी रुग्णालयाची वीजव्यवस्था बंद पडली, तर रुग्णाला शेजारच्या शहरात हलवता येते आणि डिझेल संपले तर पंपावरून आणता येते. महापुरात या दोन्ही वाटा एकदमच बंद होतात. जो पाऊस वीज नेतो, तोच रस्ताही नेतो आणि इंधनाचा टँकरही अडवतो. म्हणून येथील रुग्णालयांनी पर्यायी विजेचा हिशोब वीज सरासरी किती तास जाते यावरून करणे पुरेसे नाही. रस्ता किती दिवस बंद राहू शकतो, यावरून तो करावा लागतो.

पहिले पंधरा सेकंद

बाहेरची वीज गेल्यानंतर रुग्णालयात नेमके काय घडते, हे समजून घेतले की व्यवस्थेतील कच्चे दुवे आपोआप दिसू लागतात. वीज खंडित झाल्याची नोंद स्वयंचलित नियंत्रण पॅनेल घेते. ते जनरेटरला सुरू होण्याचा संकेत देते. बॅटरीवर चालणारा स्टार्टर इंजिन फिरवतो. इंजिनाने ठरलेली गती आणि विजेचा दाब गाठला की बदलकळ रुग्णालयाचा भार बाहेरच्या वाहिनीवरून जनरेटरवर घेते. सारे सुरळीत असेल तर याला दहा ते पंधरा सेकंद लागतात.

बाह्यरुग्ण विभागातील पंख्याला पंधरा सेकंद थांबता येते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील दिव्याला येत नाही. वैद्यकीय जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्यामुळे उपकरणांची वर्गवारी केलेली आहे. शस्त्रक्रियेचा दिवा अर्ध्या सेकंदाच्या आत पुन्हा लागला पाहिजे. इतर अनेक जीवनरक्षक यंत्रणांना पंधरा सेकंदांची मुभा आहे. मधली पोकळी भरण्याचे काम यूपीएस करते. तिच्या बॅटऱ्या क्षणाचाही खंड न पडू देता वीज देतात. मात्र त्यांचा पल्ला बहुधा काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतच असतो. व्हेंटिलेटर, औषध सोडणारे सिरिंज पंप आणि डायलिसिस यंत्रे यांनाही स्वतःच्या बॅटऱ्या असतात. यंत्र नवे असताना त्या नमूद वेळेइतक्या चालतात. चार-पाच वर्षे वापरात असलेल्या यंत्राबाबत तसे गृहीत धरता येत नाही.

पर्यायी वीज ही अशी एक साखळी आहे: बाहेरची वाहिनी, नियंत्रण पॅनेल, स्टार्टरची बॅटरी, इंजिन, डिझेल, बदलकळ, आतील केबल, यूपीएस आणि शेवटी यंत्राची स्वतःची बॅटरी. यांतील एक कडी तुटली तर बाकीच्या धडधाकट कड्यांचा उपयोग होत नाही.

जनरेटर ऐनवेळी दगा का देतो?

आणीबाणीत जनरेटर सुरू न होण्याचे सर्वांत सामान्य कारण अगदी साधे असते: स्टार्टरची बॅटरी उतरलेली असणे. काही हजार रुपयांच्या बॅटरीपायी लाखो रुपयांचे यंत्र मुके होते. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षांचे. उष्ण आणि कोंदट खोलीत ते आणखी घटते.

दुसरे कारण म्हणजे खराब डिझेल. महिनोन्‌महिने टाकीत पडून असलेल्या डिझेलमध्ये हवेतील बाष्प साचून पाणी होते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा चिकट गाळ तयार होतो आणि तो गाळणीत अडकतो. सह्याद्रीलगतच्या दमट हवेत ही शक्यता अधिक असते. असा जनरेटर सुरू तर होतो, पण थोड्याच वेळात गुदमरून बंद पडतो.

तिसरे कारण चमत्कारिक वाटेल. डिझेल इंजिन फार कमी भारावर वारंवार चालवले तर बिघडते. क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी भारावर ते पुरेसे तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही आणि काजळी व तेलकट थर साचत जातो. दर आठवड्याला पाच मिनिटे रिकामा जनरेटर सुरू करून 'चालतो' अशी नोंद करण्याची पद्धत त्यामुळे दुहेरी घातक ठरते. यंत्र झिजते आणि ते खरा भार पेलेल का, हेही कळत नाही.

चौथे कारण रुग्णालयाच्या वाढीत दडलेले असते. इमारत बांधताना ठरलेल्या भारानुसार जनरेटर घेतला जातो. पुढे सीटी स्कॅन येते, डायलिसिसच्या खाटा वाढतात, वातानुकूलन यंत्रे बसतात. भार वाढतो, जनरेटर तोच राहतो. वीज गेल्यावर सर्व यंत्रे एकाच वेळी सुरू होऊ पाहतात आणि अतिभारामुळे जनरेटर स्वतःला बंद करून घेतो.

पाचवी शक्यता सर्वांत दुर्लक्षित आहे. जनरेटर ठणठणीत, डिझेल भरपूर. पण वीज ज्या केबलमधून विभागापर्यंत पोहोचायची, तीच निकामी. सप्टेंबर २०२२ मध्ये कर्नाटकातील बळ्ळारी येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वीजपुरवठा खंडित झाला आणि अतिदक्षता विभागातील रुग्णांचे मृत्यू झाले. केबलमध्ये बिघाड झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते. मृत्यू विजेअभावी झाल्याचा नातेवाइकांचा आरोप प्रशासनाने नाकारला. प्रकरण विधानसभेत गाजले आणि सरकारने चौकशी समिती नेमली. मृत्यूंच्या कारणाविषयीचा वाद बाजूला ठेवला, तरी वीजतंत्राच्या दृष्टीने त्यातील धडा निर्विवाद आहे. मुख्य आणि पर्यायी वीज एकाच केबलमधून जात असेल, तर ती केबल तुटताच दोन्ही एकदम संपतात.

जनरेटर दीर्घकाळ चालवण्याचेही धोके आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि परिसराची वीज गेली, तेव्हा बहुतेक रुग्णालये जनरेटरवर तगली. त्याच दिवशी सायंकाळी मुलुंड येथील एका खासगी रुग्णालयात जनरेटरला आग लागली आणि करोनाच्या रुग्णांना घाईघाईने अन्यत्र हलवावे लागले. काही मिनिटांच्या खंडासाठी बसवलेले यंत्र दिवसभर राबवायचे असेल, तर त्याची हवा खेळती राहण्याची सोय, थंडावा आणि देखरेख यांचाही वेगळा विचार करावा लागतो.

डिझेलचे गणित

डिझेल जनरेटर एका लिटरमागे साधारण साडेतीन युनिट वीज देतो. एखाद्या मध्यम रुग्णालयाला अत्यावश्यक विभागांसाठी ताशी १०० युनिट लागत असतील, तर तासाला २८ ते ३० लिटर डिझेल जळते. टाकीत २०० लिटर असतील तर सात तास निघतात. रोजच्या भारनियमनाला हे पुरते. महापुरात ते पहिल्याच रात्री संपते.

मग भरपूर डिझेल साठवून का ठेवू नये? येथे कायदा आड येतो असा अनेकांचा समज आहे. तो पूर्ण बरोबर नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलच्या वर्गातील इंधन एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत परवान्याविना ठेवता येते. अट एवढीच, की कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसावे. अनेक जनरेटरांच्या टाक्या ९९० लिटरच्या असतात, त्याचे कारण हेच. वरील उदाहरणातील रुग्णालयाने ही मर्यादा पूर्ण वापरली, तर सुमारे साडेतीन दिवसांची बेगमी होते. अग्निसुरक्षेचे नियम अर्थातच पाळावे लागतात. म्हणजे अडथळा बहुधा परवान्याचा नसतो. पडून राहणाऱ्या इंधनात पैसा अडकवण्याची तयारी नसते.

मुंबईतील त्या खंडाच्या वेळी महापालिकेने रुग्णालयांना किमान आठ तास पुरेल इतक्या डिझेलची व्यवस्था करण्याच्या सूचना दिल्या होत्या. महानगरात आठ तासांत पुरवठा पूर्ववत होण्याची आशा धरता येते. वेदगंगेच्या काठावर ती धरता येत नाही. कोल्हापूरने महापुराच्या काळात इंधनटंचाई अनुभवली आहे. कोल्हापूरकडून येणारा टँकर यमगर्णीच्या पलीकडे अडकला, तर निपाणीच्या रुग्णालयाला आधीपासून टाकीत असलेल्या डिझेलवरच दिवस काढावे लागतील.

यंत्र कोठे ठेवले आहे?

जागेच्या टंचाईमुळे जनरेटर, रोहित्र आणि मुख्य वीजफलक तळघरात किंवा वाहनतळाच्या कोपऱ्यात बसवण्याचा प्रघात आहे. पूर आल्यावर पहिले पाणी तेथेच शिरते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा तेथील एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीजपुरवठा बंद पडला आणि आठ रुग्ण दगावले. कोकणाच्या शेजारी राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही घटना आहे.

संपन्न देशही यातून सुटलेले नाहीत. ऑक्टोबर २०१२ मध्ये 'सँडी' वादळाने न्यूयॉर्कला झोडपले, तेव्हा एका नामांकित विद्यापीठ रुग्णालयातून तीनशेहून अधिक रुग्णांना रात्री जिन्यावरून खाली उतरवावे लागले. शेजारच्या बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते. त्यांना डिझेल पोहोचवणारे पंप मात्र तळघरात होते आणि ते बुडाले. सैनिकांनी हातोहात डबे पोहोचवत तेरा मजले इंधन चढवले. जनरेटर उंचावर नेला, पण त्याचा पंप खालीच राहिला; एवढ्या एका चुकीने सगळी दूरदृष्टी वाया गेली.

बेळगाव शहराने २०१९ मध्ये बळ्ळारी नाल्याचे पाणी वस्तीत शिरलेले पाहिले. संकेश्वरने हिरण्यकेशीचे पाहिले. तेव्हाच्या पाणीपातळीच्या खुणा अनेक भिंतींवर अजून सापडतील. प्रत्येक रुग्णालयाने आपला वीजफलक, जनरेटर, डिझेलची टाकी आणि प्राणवायूची यंत्रणा त्या खुणेच्या वर आहे की खाली, एवढे तपासले तरी बरेच काही उघड होईल.

प्राणवायूही विजेवर

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर हवेतून प्राणवायू वेगळा करणारे प्रकल्प देशभर उभारले गेले. पीएम केअर्स निधीतून मंजूर झालेल्या प्रकल्पांचीच संख्या बाराशेहून अधिक होती. लहान शहरांतील रुग्णालयांना त्यामुळे टँकरवर अवलंबून राहण्याची गरज कमी झाली. पण हे प्रकल्प विजेवर चालतात. त्यांचे कॉम्प्रेसर मोठा भार खेचतात. ते जनरेटरला जोडलेले नसतील, तर वीज जाताच प्राणवायूची निर्मितीही थांबते. विजेविना चालणारी सिलिंडरची जोडणी सज्ज ठेवणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

एका स्रोतावरून दुसऱ्यावर जाण्याचा क्षण किती नाजूक असतो, हे गोव्याने मे २०२१ मध्ये अनुभवले आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहाटेच्या वेळी प्राणवायूचा दाब घटत असल्याच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे आल्या, तेव्हा सिलिंडरच्या ट्रॉली आणून जोडण्यातील अडचणींची चर्चा झाली. प्राणवायू असणे आणि तो अखंड दाबाने रुग्णापर्यंत पोहोचणे यांत अंतर पडले होते. विजेच्या बाबतीतही धोका त्याच अंतरात असतो.

लहान केंद्रांचे काय?

जिल्हा रुग्णालय किंवा मोठ्या खासगी संस्थांकडे एकाहून अधिक जनरेटर आणि स्वतंत्र विद्युत विभाग असतो. तालुक्याचे रुग्णालय, प्रसूतिगृह किंवा जंगलातील प्राथमिक आरोग्य केंद्र यांना तेवढी ऐपत नसते. रात्री उशिरा बाळंतपण सुरू असते, बाळाला उबेची गरज असते आणि इन्व्हर्टरवर दोन दिवे तेवढे लागतात. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणे हा विजेविना साधणारा आणि वैद्यकशास्त्राने मान्य केलेला उपाय आहे. पण नवजात बाळाचा श्वास अडला, तर घशातील स्राव ओढणारे यंत्र चालावेच लागते.

काही उपकरणांची रचनाच वीज जाणार हे गृहीत धरून केलेली असते. लसींचा शीतकपाट हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याच्या भिंतींत बर्फाचा थर असतो आणि वीज नसतानाही तो वीस तासांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ लसी थंड राखतो. सौरऊर्जा हा दुसरा मार्ग. छत्तीसगडने शेकडो आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह सौरसंच बसवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की सौरसंच असलेल्या केंद्रांत महिन्याकाठी होणाऱ्या बाळंतपणांची संख्या सौरसंच नसलेल्या केंद्रांच्या जवळजवळ दुप्पट होती. वीज राहील याची खात्री असली की लोक केंद्रात येतात, असा त्याचा अर्थ. पश्चिम घाटात पावसाळ्यात ऊन कमी मिळते, ही मर्यादा खरी. म्हणून सौरसंच जनरेटरची जागा घेणार नाही, पण त्याचे डिझेल वाचवील आणि पहिला जनरेटर रुसला तर प्रसूतिगृहाला आधार देईल.

खरी परीक्षा कशी घ्यायची?

उपाय महागडे आहेत असे नाही. अमेरिकेतील मानकानुसार रुग्णालयाचा जनरेटर दरमहा किमान ३० मिनिटे, क्षमतेच्या किमान ३० टक्के भारावर चालवून पाहावा लागतो आणि वीज गेल्यापासून १० सेकंदांत त्याने जीवनरक्षक भार उचलला पाहिजे. भारतातही रुग्णालयांच्या गुणवत्ता मानांकनात विजेचे पर्यायी स्रोत ठेवणे आणि त्यांची नियमित चाचणी घेणे अपेक्षित आहे. मात्र चाचणी म्हणजे केवळ इंजिन सुरू करणे नव्हे. मुख्य कळ खरोखर बंद करायची, भार जनरेटरवर जातो का पाहायचे, किती सेकंद लागले ते लिहायचे आणि प्रत्येक विभागात कोणते दिवे व कोणती यंत्रे बंद राहिली याची फेरी मारून नोंद करायची. ही चाचणी दिवसा, पूर्वसूचना देऊन, रुग्णांची पर्यायी सोय करून घ्यावी लागते. तीत अपयश आले तर ते स्वस्तात पडते.

ऑगस्टमधील मध्यरात्री माणसांचीही परीक्षा होते. स्वयंचलित बदलकळ अडकली, तर हाताने भार फिरवणारा तंत्रज्ञ रात्रपाळीत हजर आहे का? व्हेंटिलेटर बंद पडल्यास हाताने श्वास देण्याची पिशवी प्रत्येक खाटेजवळ टांगलेली आहे का आणि ती दाबण्यासाठी पुरेसे हात आहेत का? या प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या किमतीवर अवलंबून नाहीत.

प्रशासनाच्या बाजूनेही काही गोष्टी सहज शक्य आहेत. मोठ्या रुग्णालयांना दोन वेगवेगळ्या उपकेंद्रांतून वीज देणे, पावसाळ्यापूर्वी विद्युत निरीक्षकांकडून भारासह तपासणी करून घेणे, पुराच्या काळात रुग्णालयांसाठी डिझेलचा साठा नदीच्या दोन्ही बाजूंना राखून ठेवणे, ही कामे मे महिन्याअखेर उरकता येतात. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो आणि बेळगावचा गोव्याला. तेव्हा पूरनियोजनाच्या बैठकीत तीनही राज्यांच्या आरोग्य विभागांनी परस्परांच्या खाटांचा आणि रस्त्यांचा हिशोब मांडणे सयुक्तिक ठरेल. सीमा नकाशावर आहे. रुग्णवाहिका ती रोज ओलांडते.

रुग्णाला दाखल करताना नातेवाईक खर्च विचारतात, डॉक्टरांचे नाव विचारतात. पावसाळ्यात आणखी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही: जनरेटर भारासह शेवटचा कधी चालवून पाहिला, टाकीत आज किती तासांचे डिझेल आहे, आणि अतिदक्षता विभागातील यंत्रांच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या? ज्या रुग्णालयाकडे चाचणीची नोंदवही आहे, ते यांची उत्तरे काही मिनिटांत देऊ शकते.